न धुतलेला रंग

१

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही, कुणी फसवलं म्हणूनही नाही. खोटं आहे हे कळत असताना पंख्याखाली बसून, लिंबू पिळलेला काळा चहा घोटघोट पीत लिहिलंत. 'नैराश्यातून आत्महत्या.' शाई वाळायच्या आत बाईला विजेच्या भट्टीत ढकललंत आणि हात झटकलेत. तिच्या ओळखपत्रावर मनोआरा चित्रकर असं नाव होतं. मनोआरा नावाच्या बाईला माती देतात, जाळत नाहीत. हे समजायला पोलिसाचं डोकं लागत नाही. पण मातीतलं माणूस गरज पडली तर पुन्हा वर काढता येतं, राख काढता येत नाही. एवढं मात्र तुम्हाला बरोबर समजलं.

सगळा बंगाल तिला मणिमाला म्हणून ओळखायचा. कोलकात्यात टॉलीगंजच्या स्टुडिओत ती आली ती गर्दीत उभी राहणारी बाई म्हणून. मग मोलकरीण झाली, मुकी भिकारीण झाली, नर्स झाली, जमीनदारीण झाली. दुर्गापूजेआधी, महालयाच्या पहाटे टीव्हीवर दहा हात लावून महिषासुराच्या छातीवर पाय द्यायचीही तीच. एका वर्षी तर दुपारच्या मेगात, म्हणजे रोजच्या लांबलचक मालिकेत, ती सुनेच्या थोबाडीत मारायची आणि संध्याकाळच्या मेगात सून होऊन मार खायची. "दुपारचं संध्याकाळी फेडते गं," असं म्हणून स्वतःच खिदळायची.

हे सगळं ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. मेदिनीपूरकडच्या पटुआंची ती पोर. बाप, आजा कापडावर चित्रं रंगवायचे आणि ती गुंडाळी उलगडत, एकेका चित्रावर बोट ठेवत, दारोदार गाणी म्हणायचे. घरात नमाज आणि पटावर सापांची देवी मनसा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. माणसांना नावंही दोन-दोन. "नवऱ्याला साप चावलेल्या बेहुलाचं रडणं माझं, सापाचं फुसकारणं माझं, सासऱ्याचं खेकसणंही माझंच," ती सांगायची. "बापाचा आवाज बसलेला असायचा. मी गायले नाही तर चूल पेटायची नाही."

त्या घरातला एक नियम तिनं स्टुडिओतही सोडला नाही. पटाचा पिवळा रंग पूर्वी हरताळाचा असायचा, आणि हरताळ म्हणजे जहर. म्हणून रंग धुतल्याशिवाय भात नाही. जेवणाची सुट्टी झाली की सगळे पानावर बसायचे आणि ही नळाखाली तोंड घासत उभी. सिंदूर, अलता, खोटं रक्त, सगळं निघेपर्यंत घास नाही. "देवीजी, भात निवला!" असं कुणी ओरडलं की फेसाळल्या तोंडानं म्हणायची, "तिचं पोट वेगळं, माझं पोट वेगळं."

मणिमाला गेली त्या दिवशी कुंतला रक्षितला सुट्टी होती. साठी ओलांडलेली, तोंडानं फटकळ, ज्या मेगात मणिमाला थोरली सून होती, त्यात तिची सासू. घरी विळीवर मासा कापत बसली होती तेवढ्यात फोन आला. थोरल्या सुनेच्या फाशीचा प्रसंग सकाळी व्यवस्थित पार पडला, मणिमाला जेवली, रंगाच्या खोलीत आडवी होते म्हणाली, आणि दुपारी पंख्याला लटकलेली सापडली.

कुंतला तशीच, हाताला माशाचा वास घेऊन, हॉस्पिटलात धावली. चेहऱ्यावरची चादर कुणीतरी क्षणभर उचलली. मान काळीनिळी झाली होती. आणि भांगात, अगदी टाळूपर्यंत, लालभडक सिंदूर.

त्या लालभडक रेघेत काहीतरी खटकलं. काय, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

२

त्याच आठवड्यात फाशीचा भाग टीव्हीवर दाखवला गेला. चॅनेलनं आधी काळ्या पडद्यावर 'श्रद्धांजली' लिहिलं आणि मग बाईला लटकवली. लोकांनी डोळे पुसले. 'काय जिवंत अभिनय!' असं जो तो म्हणाला.

मग कलाकारांच्या शिल्पी संघाचा फोन आला. "कुंतलादी, कलाकारांच्या बाजूनं एक चौकशी दाखवायला हवी. तुम्ही सीनियर. दोन-चार जणांशी बोला आणि शोकसभेत सांगून टाका की आमचं समाधान झालं. दुसऱ्या दिवसापासून शूटिंग चालू."

"आणि समाधान झालं नाही तर?"

तिकडचा माणूस हसला. "तुमचं सासूचं काम अजून बरंच आहे ना, दीदी?"

कुंतलाला धमकी कळली. तिला घरी बघणारं कुणी नव्हतं, आणि या वयात दुसरा मेगा कोण देणार? ती हो म्हणणार होती. पण दार वाजलं.

दारात मणिमालाची मुलगी. तुली. सोळा वर्षांची, रंग धुतलेल्या आईसारखंच कोरं तोंड. गावाहून एकटी आली होती. खांद्यावरच्या पिशवीत पटाची गुंडाळी.

"मावशी, मला एकच सांगा. मा माझ्यावर चिडली होती का?"

"असं का विचारतेस गं?"

"तिनं मला इथल्या कॉलेजात घालायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. भांडले. म्हटलं, तुझ्या त्या रंगलेल्या बायकांमध्ये मला यायचं नाही. आणि मग तिनं..." पोरीनं वाक्य सोडून दिलं. "गावात म्हणतात, आई लेकीला टाकून गेली. नानी म्हणते, मातीसुद्धा मिळाली नाही, आता कयामतीला ती उठणार कुठून?"

कुंतलानं तिला कुरमुरे आणि चहा दिला. तुलीनं हात लावला नाही. फोन काढून तिनं तो भाग लावला.

थोरल्या सुनेला सासरची माणसं मारतात आणि आत्महत्येचा देखावा करतात, असा तो प्रसंग. हात पाठीमागे बांधलेले. बाई तडफडते. कॅमेरा मागून जातो आणि बांधलेल्या हातांवर थांबतो. बोटं आवळलेली, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट सरळ, खाली रोखलेलं. थरथरतंय, पण वळत नाही.

"मा पट दाखवतेय," तुली म्हणाली. "आम्ही असंच बोट ठेवतो. जे सांगायचं त्याच्यावर."

"अगं, तिनं घातलं असेल अभिनयात. सवयच होती तिला."

"मग ती काय दाखवतेय, मावशी?"

कुंतला उत्तर देणार होती, पण तिला एकदम नदी आठवली. दोन वर्षांपूर्वी मणिमालाचा बुडून मरायचा प्रसंग होता. तिचा पाय पाण्याखालच्या वेलीत अडकला होता आणि सगळे 'वा वा' करत उभे होते. पाण्यातून एक बोट वर आलं आणि कुंतलाच ओरडली होती, "कट! कट रे मेल्यांनो!" त्या दिवसापासून फ्लोरवर ठरूनच गेलं होतं: मणिमालाचं बोट सरळ झालं की थांबायचं.

इथे बोट सरळ होतं. आणि थांबवलं कुणी?

३

कपडे सांभाळणारी बुलू मणिमालाच्या बारा भूमिकांची सावली. साडी नेसवणं, केस बांधणं, ताट आणणं, सगळं तिचंच. कुंतलानं तिला रंगाच्या खोलीतच गाठलं. पंखा नवा बसवला होता.

"दीदी, सगळं पोलीस थान्यात सांगून झालंय," बुलू आधीच म्हणाली.

"त्यांना सांगितलंस. मला सांग."

"सीन झाला. मणिदी इथे आली. मी ताट आणलं, पार्शे माशाचं कालवण आणि भात होता. अर्धं जेवली. मग म्हणाली, पडते जरा. मी दार ओढून घेतलं."

"अर्धं जेवली?"

"हो. ताट पोलिसांनीही बघितलं. उष्टं होतं. त्याच्यावरून तर कळलं ना, की सीननंतर ती जिवंत होती!"

हे शेवटचं वाक्य बुलूचं नव्हतं. कुंतलानं चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलून पोट भरलं होतं. पाठ केलेलं वाक्य तिला वासावरून कळायचं.

"बुलू, भांगात सिंदूर होता गं तिच्या."

"असणारच. थोरली सून सधवा आहे."

"थोरली सून सधवा. भात कोण जेवलं?"

बुलूचा हात साडीच्या घडीवर थांबला.

"बारा भूमिका तू तिच्या अंगावरून उतरवल्यास," कुंतला हळू म्हणाली. "नळाशी टॉवेल घेऊन तूच उभी असायचीस. एकदा तरी, तापात, उपाशी, पाऊण दिवस उभी राहून, ती सिंदूर न धुता जेवली? एकदा सांग. मी उठून जाते."

घडी घातलेली साडी बुलूनं मोडली आणि पुन्हा घडी घालायला लागली.

"ताट उष्टं होतं, पण तिनं केलेलं नव्हतं. कुणी केलं?"

"दीदी, माझा नवरा इथंच लाइटमध्ये आहे. दोघांचंही काम जाईल."

"माझंही जाणार आहे. बस, तिघं मिळून रस्त्यावर भजी तळू." मग एकदम तिचा आवाज बदलला. "तिची पोर विचारतेय, आई मला टाकून गेली का. तिला तू हो सांगतेस का? बाहेर उभी आहे. बोलावू?"

बुलूनं दाराकडे बघितलं आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मी एवढंच सांगते. कंबरेचा पट्टा त्या दिवशी खुंटीवरून निघालाच नाही."

फाशीच्या प्रसंगात साडीच्या आत चामड्याचा पट्टा असतो. पाठीमागून तार वर जाते आणि सगळा भार पट्ट्यावर येतो. गळ्यातली दोरी दाखवण्यापुरती असते.

"आणि तिची मनगटं बघा म्हणाले असते," बुलू पुटपुटली, "पण आता कुठे बघणार तुम्ही!"

"काय होतं मनगटांवर?"

दार उघडलं. निर्माता निशीथ पोद्दार आत डोकावत होता. पांढराशुभ्र पंजाबी कुर्ता, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. "अरे कुंतलादी, इथे? चला, चहा घेऊ. बुलू, तुला खाली बोलावलंय."

४

पोद्दारनं मातीच्या पेल्यातून चहा पाजला, स्वतः दिला.

"मणि माझ्या बहिणीसारखी होती," तो म्हणाला. "पण भूमिका संपत होती ना, दीदी. रडायची. नवरा तर केव्हाच सोडून गेलेला. एकटी बाई."

"रडायची? त्याच आठवड्यात तिनं नव्या मेगासाठी ढाक वाजवणाऱ्या बाईची भूमिका घेतली होती. ढोल बडवून माझं डोकं उठवलं होतं."

"बाहेरून हसणारी माणसंच आतून..."

"पोद्दारबाबू, तिच्या मनगटांवर काय होतं?"

तो थांबला नाही, अडखळला नाही. तिथेच तो पकडला जायला हवा होता, पण असली माणसं अडखळत नाहीत. "मेकअप. दोरीचे वळ. सीनमध्ये हात बांधलेले असतात ना. साहेबांनीही विचारलं, मी सांगितलं, त्यांना पटलं."

कुंतला तिथून उठली आणि थेट एडिटर धीमानच्या खोलीत गेली. धीमान त्या दिवशी फ्लोरवर नव्हता. त्याच्याकडे फक्त चित्रं यायची.

इथे पुलक सान्यालची एक गोष्ट सांगायला हवी. तो त्या मेगाचा दिग्दर्शक. माणूस हुशार, पण देवभोळा. पडद्यावर कुणी मेलं की लगेच त्याच कपड्यांत, त्याच रंगात, कलाकारानं कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तो तुकडा कुठे दाखवत नाहीत, पण घ्यायचाच, नाहीतर यमाला खरं वाटतं. हा रिवाज सगळेच पाळतात, पुलक जरा जास्तच. एकदा गोष्टीत पोपट मरायचा होता. पुलकनं त्या पोपटाला मिरची दाखवून 'टँ' करायला लावलं, तेव्हाच पुढचा शॉट लावू दिला. मणिमाला सापानं मेली तेव्हा हसली, जळून मेली तेव्हा हसली, नदीत मेली तेव्हा थरथरत, ओठ निळे पडलेले असताना हसली, कारण हा बाबा कॅमेऱ्यामागून ओरडत होता, "हास मणि, दात दाखव, मला झोप लागायची नाही!"

"धीमान, फाशीनंतरचं हसू दाखव."

त्यानं चष्मा वर सारला. "कशाला, दीदी?"

"शोकसभेत लावू. शेवटचं हसू म्हणून."

तो शोधायला लागला. मणिमालाची सगळी हसू एका जागी होती. सापाचं, आगीचं, नदीचं. ती एकामागून एक पडद्यावर आली आणि गेली. मेलेली बाई दात काढून बघत होती.

"फाशीचं नाहीये," धीमान म्हणाला. मग पुन्हा शोधलं. मग त्याचा आवाज उतरला. "दीदी, फाशीचं आलंच नाही. मला कापायला एकच शॉट दिला पोद्दारबाबूंनी स्वतः. मूळ चित्रण त्यांनी ठेवून घेतलं. आधीचं नाही, नंतरचं नाही."

"शेवट कुठे होतो त्या शॉटचा?"

"होतच नाही. म्हणजे... पुलकदांचं 'कट' ऐकू येत नाही त्यात. मला वाटलं, आवाज काढून दिला असेल." त्यानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. पेला कलंडला. "दीदी, मी तो भाग कापून जोडला. दोनदा मागेपुढे करून बघितला. बोटावर संगीत टाकलं मी!"

त्याला तसाच रडत सोडून कुंतला बाहेर आली. आता तिला सगळं दिसत होतं, आणि हेच दिसेल म्हणून ती आजवर घाबरत होती.

५

शोकसभा फ्लोरवरच भरली. ज्या तुळईला फास होता, तिच्याखालीच मणिमालाचा फोटो, रजनीगंधाचा हार, उदबत्ती. फोटो दुर्गेच्या वेशातला. सगळं युनिट मांडी घालून बसलेलं. तुली अगदी पुढे.

संघाच्या माणसानं सांगितलं, "आता कुंतलादी दोन शब्द बोलतील."

"दोन नाही पुरायचे," कुंतला म्हणाली. "पुलक, तू सांग. मणि फाशी जाऊन मेली, मग तिला हसायला लावलंस?"

पुलक खाली बघत होता. दाढी वाढली होती. "हो."

"धीमानकडे ते हसू नाही."

"मग... विसरलो असेन."

मागून कुणीतरी श्वास आत ओढला. पोपटाला मिरची दाखवणारा माणूस. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते 'विसरलो' ऐकूनच उत्तर कळलं होतं. तोंडानं बोलायला एकच बाई तयार होती.

"तू विसरला नाहीस. हसायला कुणी उरलंच नव्हतं. मणि रंगाच्या खोलीत मेली नाही. ती इथे मेली, या तुळईखाली, तुझ्या कॅमेऱ्यासमोर."

पोद्दार उठला. "दीदी, तब्येत बरी नाही तुमची. कुणीतरी पाणी द्या."

"पाणी तिला द्यायचं होतं, पोद्दारबाबू. तिनं रंग धुतला असता. तुमचं ताट तिथेच चुकलं. सीननंतर ती जिवंत होती हे दाखवायला तुम्ही भात उष्टा केलात, पण भांगातला सिंदूर तसाच ठेवलात. मणि रंगलेल्या तोंडानं जेवत नाही हे इथल्या झाडूवालीला माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्ही कधी आमच्या पंगतीला बसलातच नाही." ती वळली. "पट्टा खुंटीवरच राहिला. का, पुलक?"

"पाठीवर फुगवटा दिसत होता." पुलकचा आवाज तोंडातल्या तोंडात. "मला हात जवळून हवे होते. मणिच म्हणाली, स्टूल ठेवा पायाखाली, चवड्यांवर उभी राहते, मी करते बरोबर."

"आणि स्टूल?"

मागून बुलू उभी राहिली. नवऱ्यानं तिचा पदर ओढला, तिनं तो हिसकून घेतला.

"सरकलं. फरशी ओली होती. सरकलं आणि पडलं. आवाजही आला, पण ढाक वाजत होता सीनसाठी. आम्ही सगळे बघत होतो, दीदी. तिचे पाय, तिचे डोळे... आम्हाला वाटलं..." बुलूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आम्ही टाळ्या वाजवल्या!"

उदबत्तीची राख पडली.

"ती इतकी चांगली होती," पुलक म्हणाला, "की मला कट म्हणवेना. दुसरी कुणी असती तर दोन क्षणांत कळलं असतं. मणि काहीही करू शकायची. मला वाटलं, हेही करतेय."

"बोट?" तुली पहिल्यांदा बोलली. "माचं बोट दिसलं नाही तुम्हाला?"

पुलकनं तिच्याकडे बघितलं आणि तो तुटला. "दिसलं गं. मीच कॅमेरा नेला त्याच्यावर. मला सुंदर वाटलं. बोट वर असायचं ना तिचं, वर! हे खाली होतं..."

"हात पाठीशी बांधलेल्या बाईचं बोट वर कसं जाईल?" तुली म्हणाली. "ती पट दाखवत होती. खाली बघा म्हणत होती. स्टूल बघा."

कुंतलानं पोद्दारकडे बघितलं. "डॉक्टर बोलावलात?"

"गेली होती ती!" पोद्दार पहिल्यांदा ओरडला. "गेलेल्या बाईसाठी दोनशे माणसांचं पोट मारू? फ्लोर सील झाला असता, मेगा बंद. मी यांना वाचवलं! विचारा यांना, कुणी नको म्हणालं?"

कुणी नको म्हणालं नव्हतं. ते खरं होतं. म्हणूनच सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्यांनी तिला उचलून रंगाच्या खोलीत नेलं, हात सोडले, साडीनं पंख्याला लटकवलं. आणि मग, हे मात्र एकट्या पोद्दारचं कर्तृत्व, तो शॉट वाया जाऊ दिला नाही. मेलेल्या बाईचं मरण चॅनेलला विकलं, वर श्रद्धांजली लिहून.

तुली उठली, फोटोपाशी गेली. आईच्या दुर्गेच्या कपाळावर तिनं बोट ठेवलं. "म्हणजे मला टाकून नाही गेली," ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

६

आता तुमच्याकडे येऊ, साहेब.

कुंतला तुमच्यासमोर येऊन बसली होती. बाजूला तुली, बुलू आणि धीमान. पुलक नाही. त्याला पोद्दारनं त्याच संध्याकाळी कुठेतरी 'विश्रांतीला' पाठवलं. कुंतलाचं काम दुसऱ्या दिवशी गेलं. सासू तीर्थयात्रेला गेली असं मेगात दाखवलं.

तिनं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकलंत, पेन फिरवत. आणि म्हणालात, "बघा दीदी, शवविच्छेदनात काय आलं? गळफास. तुम्ही काय सांगताय? गळफासच. मग फरक काय राहिला?"

फरक काय राहिला, असं तुम्ही एका मुलीच्या तोंडावर विचारलंत.

"आणि ते मूळ चित्रण? ते जप्त करा."

"ते खराब झालंय म्हणे."

"मनगटांवरचे वळ?"

"मेकअप होता. पोद्दारबाबूंनी तसं सांगितलंय." आणि मग मोठ्या मायेनं म्हणालात, "तुम्ही अभिनेत्री. कल्पना लढवणं तुमचं कामच आहे. घरी जा."

कुंतला उठली नाही. ती एवढंच म्हणाली, "मेकअप पाण्यानं निघतो, साहेब. दोरीचा वळ निघत नाही. आत्महत्या करणाऱ्या बाईचे हात कुणी बांधत नाही. पंचनाम्याला बाई तुमच्यासमोर होती, कापूस होता, पाणी होतं. एकदा ओला बोळा फिरवला होतात?"

तुम्ही घंटी वाजवून त्यांना बाहेर काढलंत.

तर ऐका. तुली गावी परत गेलेली नाही. तुमच्या थान्यासमोरच्या फुटपाथवर ती बसली आहे. तिनं नवा पट रंगवला आहे, रोज सकाळी उलगडते, एकेका चौकोनावर बोट ठेवते आणि गाते. पहिल्या चौकोनात तुळई आहे. मग खुंटीवरचा पट्टा, सरकलेलं स्टूल, टाळ्या वाजवणारे हात, उष्टं ताट, भट्टी. माणसं थांबतात, ऐकतात, रोज जास्त थांबतात. बाजूला कुंतला रक्षित बसलेली असते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बिनरंगाच्या तोंडानं प्रेक्षकांसमोर.

शेवटचा चौकोन तुलीनं अपुरा ठेवला आहे. त्यात दोन मनगटं आहेत आणि पाण्याची वाटी. पुढचं तिला माहीत नाही, म्हणून काढलेलं नाही. तिथे आली की ती गाणं थांबवते, बोट उचलते आणि तुमच्या खिडकीकडे रोखते.

बोळा फिरवलात तेव्हा मनगटांवरचा रंग गेला होता का, साहेब? की गेला नव्हता, आणि तुम्ही बघितलंत, आणि म्हणूनच भट्टी पेटवलीत?

उत्तर द्या.